ज्याचा त्याचा पेपर

अप्पांच्या वर्गात परीक्षा चालू आहे की नाही, हे लांबून ओळखायची एक सोपी खूण होती. अप्पा मुलांकडे पाठ करून बसलेले दिसले की समजायचं, परीक्षा चालू आहे. एरवी ते चारचौघांसारखे समोर तोंड करून शिकवत.

मी त्या शाळेत नवा होतो. नांदेडचा पोरगा, बी.एड.चा कागद ताजा, अंगात शिस्तीचं वारं भरलेलं. उदगीरच्या अलीकडचं ते गाव, नकाशात सापडलं तर सापडलं. पहिल्या चाचणीच्या दिवशी व्हरांड्यातून जाताना बघतो तर सातवीच्या दारात हा साठीकडे झुकलेला गृहस्थ मांडी घालून बसलेला. तोंड रस्त्याकडे, कपाळावर विभूतीचे पट्टे, पुढ्यात चिंचोक्याच्या खळीचं पातेलं आणि मांडीवर एक फाटकं पुस्तक. पाठीमागे चौतीस पोरं पेपर लिहीत होती. मला वाटलं, म्हातारा कामचुकार दिसतोय, आणि पोरं काय दंगा करत असतील ते बघावं म्हणून मी खिडकीतून डोकावलो. एकही मान इकडची तिकडे होत नव्हती.

"अप्पा, तुमची एवढी दहशत आहे का हो?" मी विचारलं.

"दहशत कशाची सर? कुत्रं भुंकत न्हाई मला बघून." पुस्तकाच्या कण्यावर बोटानं खळ लावत ते म्हणाले. "बघून काय करतील ती? बाजूच्याचा पेपर यायचाच न्हाई त्यांच्या कामाला."

तेव्हा मला कळलं की चौतीस पोरांना चौतीस निरनिराळे पेपर होते. सगळे हातानं लिहिलेले. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, भावाच्या किराणा दुकानातून आणलेल्या पुड्यांच्या कागदावर. आणि प्रत्येक पेपरात त्या त्या पोराच्या घरचंच गणित. न्हाव्याच्या पोराला बाजारच्या दिवशी बाप किती डोकी करतो त्याची सरासरी. कुंभाराच्या पोरीला भट्टीत फुटलेल्या मडक्यांचा शेकडा. मुख्याध्यापकांचा धाकटाही त्याच वर्गात होता, त्याला आलेलं गणित असं होतं: "तुझे वडील दुपारच्या सुट्टीनंतर रोज पाऊण तास डोळे मिटून विचार करतात. महिन्यात शाळेचे दिवस चोवीस असल्यास एकूण विचार किती तासांचा?" पोरानं अठरा हे बरोबर उत्तर काढलं आणि पेपर घरी नेऊन दाखवला. मुख्याध्यापक आठ दिवस अप्पांशी बोलले नाहीत, पण त्या आठ दिवसांत झोपलेही नाहीत.

मी त्यांना एकदा विचारलं की असे वेगवेगळे पेपर काढले तर कोण हुशार, कोण ढ, हे ठरवायचं कसं? कुणाला सोपं येईल, कुणाला अवघड.

"गणित सगळ्यांना सारखंच असतंय सर," ते म्हणाले. "घरं तेवढी निराळी."

माझी पद्धत याच्या अगदी उलट. मी एकच पेपर फळ्यावर लिहायचो आणि मग दोन तास पहारा द्यायचो. टोपीच्या घडीतून, कंपासपेटीच्या झाकणाखालून, फूटपट्टीच्या मागून मी चिठ्ठ्या काढल्या. एकानं बाभळीच्या काट्यानं दंडावर पाणिनीच्या सूत्रासारखं काहीतरी कोरून आणलं होतं, ते मलाही वाचता आलं नाही. जितका मी डोळे वटारायचो, तितकी पोरांची अक्कल वाढायची. एका मुलीच्या तळहातावर मला सनावळ्या सापडल्या, तेव्हा मी तिला हात वर करून अर्धा तास उभं केलं. अप्पा बाहेरून जात होते. थांबले, बघितलं आणि गेले. मधल्या सुट्टीत मात्र माझ्या शेजारी येऊन बसले.

"डोळे दुखत न्हाईत का हो सर, एवढं बघून?"

"बघायला नको का? चोरी करतात ती."

"आपण बघून राहिलो की लेकराला वाटतंय, आपण चोर हाय. मग ते चोरासारखं वागतंय. राखण जोंधळ्याची करावी."

मला ते तेव्हा पटलं नाही. माणूस भला आहे, पण जरासा चक्रम आहे, असं मी घरी पत्रात लिहिल्याचं आठवतं.

चौतीस पेपर काढायचे म्हणजे चौतीस घरांची बित्तंबातमी हवी. त्यासाठी अप्पा दर रविवारी गावभर हिंडत. काखेत एक गोणपाटाची पिशवी, पायात टायरच्या चपला. घड्याळ ते वापरत नसत. परीक्षेची वेळसुद्धा ते खळीवर मोजत. पुठ्ठा वाळला की पेपर संपला. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, भावाच्या दुकानामागच्या खोलीत राहत. घराघरांत जाऊन ते विचारत ते प्रश्न तलाठ्यानंही कधी विचारले नसतील. शेळीला किती झाली? आजी रात्री किती वेळा खोकते? विहिरीचं पाणी किती परस खोल गेलं? लोकही न कंटाळता सांगत, कारण आपल्या शेळीचा पेपरात उल्लेख यावा असं प्रत्येकाला वाटे.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या, ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती आणि अर्धं गाव रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होतं. अप्पांच्या पेपरातून आंबे, पेरू हद्दपार झाले होते आणि सगळीकडे घागरीच घागरी आल्या होत्या. एका रविवारी मी करमत नाही म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. ते मला गावाच्या टोकाला सुमनच्या घरी घेऊन गेले.

सुमन ही त्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी. बाप वारलेला. आई खडीच्या कामावर गेली होती, ती मला त्या दिवशी भेटली नाही. दारात आजी बसली होती.

"हापसा किती पावलांवर हाय गं आई?" अप्पांनी विचारलं.

"दोनशे चाळीस. मोजून ठिवलेत मी तुमच्यासाठी," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, ही पोरगी एवढं वर्ष तुमच्याकडं. उन्हाळा झाला की आईसंगं खडीला जाणार. शिकली तेवढं लई झालं."

अप्पांनी मान हलवली, पण लिहून काही घेतलं नाही. वाटेत ते मला म्हणाले, "लातूर जिल्हा नवा झालाय, ऐकलंव न्हवं? तिथं पोरींचं वसतिगृह काढून राहिलेत. राहणं, खाणं, शाळा, सगळं सरकारचं. सातवीच्या परीक्षेत शाळेत पहिली येईल त्या एका पोरीला जागा. ही पोरगी तिथं गेली पाहिजे सर. नाहीतर खडी हाय आणि मग लग्न हाय." एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्या आठवड्यातल्या चाचणीत सुमनला आलेलं गणित मला पाठ आहे. "हापसा तुझ्या घरापासून २४० पावलांवर. घरात दिवसाला ७ घागरी लागतात. आजी एका खेपेला एक घागर आणते. तू शाळेत आलीस तर आजीला किती पावलं चालावं लागेल?" उत्तर ३३६०. मी वाचून म्हणालो, अप्पा, हे गणित आहे की टोमणा? सुमननं ३३६० लिहिलंच, पण खाली आणखी एक ओळ होती: "पण मी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन आणते. सकाळी तीन खेपा करून येते. म्हणून आजीला एकच खेप, ४८० पावलं." अप्पांनी तो पेपर मला दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा दाखवायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्नही केला नाही.

आता त्या परीक्षेचं सांगायला हवं. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

नवा जिल्हा म्हणजे सगळंच नवं. मुख्याध्यापक कागदांवरचं "उस्मानाबाद" खोडून वर "लातूर" लिहीत बसलेले असायचे. तसा एक हुकूम आला की सातवीची परीक्षा आता जिल्हाभर एकाच छापील पेपरावर होईल. मोहोरबंद पाकीट येणार, पथक तपासायला येणार, कॉपी सापडली तर वर्गाचा निकाल रद्द. मुख्याध्यापकांनी पर्यवेक्षक म्हणून माझं नाव लिहिलं, कारण चिठ्ठ्या पकडण्यात माझा हात कुणी धरत नसे. अप्पांना मदतीला दिलं. शाळेत माणसंच कमी होती.

पहिलाच पेपर गणिताचा. मी पाकीट फोडलं, पेपर वाटले आणि पंधरा मिनिटं वर्गातून फेऱ्या मारल्या. अप्पा सवयीनं दारात पाठ करून बसले. तेवढ्यात रस्त्यावरून ओरडा आला, टँकर आला, टँकर आला. हापसाही आटला होता आणि टँकर तीन दिवसांनी आला होता. माझ्या खोलीत घागरीच्या तळाला गाळ उरला होता. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, टँकर आला की माणूस जेवणाच्या ताटावरून उठायचा.

"अप्पा, दहा मिनिटांत आलो."

"या."

मी पळत खोलीवर गेलो, दोन घागरी उचलल्या आणि रांगेत घुसलो.

पुढचं मला नंतर मुलांनी सांगितलं. जन्मात प्रथमच त्यांच्या हातात छापील पेपर आला होता. पहिलंच गणित होतं एका बागायतदाराचं, त्याच्या बागेतल्या आंब्यांचं. सुमननं ते वाचलं आणि ती गोंधळली. आपल्याकडे आंब्याची बाग कुठली? हा दुसऱ्या कुणाचातरी पेपर आपल्याकडे आलाय. मी बाहेर पडताच तिनं हळूच पुढच्या पोराला विचारलं, "हा तुझा हाय का?" तो म्हणाला, "माझ्याकडं पण बागच आलीय. ही पाटलाच्या पोराची असंल." पाटलाचा पोरगा म्हणाला, "आमचे आंबे कवाच वाळले. माझा पेपर कुणाकडंय?" दुसरं गणित आगगाडीचं होतं. गावात रेल्वे नाही, पण एकाचा मामा परळीला रेल्वेत होता, म्हणून तो त्याचा ठरला. एकेक करत सगळे उठले आणि ज्याचा त्याला पेपर पोचवायला लागले. ती चोरी नव्हती हो. दुसऱ्याचा पेपर आपण ठेवून घेऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. दारातल्या अप्पांना कुजबुज ऐकू आली, पण वीस वर्षांत मागे वळून बघायची वेळच आली नव्हती, म्हणून याही वेळी ते वळले नाहीत.

आणि नेमकी त्याच वेळी पथकाची जीप शाळेच्या आवारात शिरली.

मी घागरी खोलीत ठेवून परत आलो तेव्हा साहेब फळ्यापाशी उभे होते. साहेब वाईट नव्हते, तेही नवेच होते, जीपसुद्धा नवी होती. पोरं भिंतीला लागून उभी. सुमन रडत होती. माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी दाराच्या बाहेरच थांबलो.

"पर्यवेक्षक कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"त्यांला मीच पाठवलंय बाहेर, जरा कामाला," अप्पा म्हणाले. त्यांच्या बोटांना खळ तशीच होती.

"गुरुजी, हे सरळसरळ सामूहिक कॉपीचं प्रकरण आहे. मुलांनी आपणहून केलं असेल तर निकाल रद्द होतो, माझ्या हातात काही नाही. शिक्षकानं चुकीची सूचना दिली असेल, तर गोष्ट वेगळी. मग जबाबदारी त्याची, आणि मुलांची फेरपरीक्षा घेता येते. काय झालं ते नीट आठवून सांगा."

अप्पांनी सुमनकडे बघितलं. मग साहेबांकडे बघून ते म्हणाले, "आठवायचं काय त्यात? मीच म्हणलो पोरांना, उठा आणि पेपर बदलून बघा. पोरांनी ऐकलं."

चौतीस पोरांना माहीत होतं की अप्पा असं काही बोललेले नाहीत. मला माहीत होतं की तिथं उभं राहायचं काम माझं होतं. कुणी काही बोललं नाही. अप्पांनी जबाब लिहून दिला, सही केली. मी नोकरीत कायम झालो नव्हतो. घरी वडील आजारी होते. ही कारणं मी तेव्हा मनात मोजली आणि आजही मोजतो, पण त्यांची बेरीज कधी पुरत नाही. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी बोललो नाही, एवढंच खरं आहे.

जीप गेल्यावर मी अप्पांपाशी गेलो. त्यांनीच विचारलं, "पाणी मिळालं का सर?"

"दोन घागरी."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पातेलं उचलून चालू लागले.

फेरपरीक्षा आठ दिवसांनी झाली. पेपर वाटताना मी मुलांना तीनतीनदा सांगितलं की हा सगळ्यांचा एकच आहे. तरी सुमननं हात वर केला आणि विचारलं, "सर, ह्या माणसाचं गाव कोणतं?" मी म्हणालो, याला गाव नाही, तू नुसतं गणित कर. तिनं केलं. ती पहिली आली, तिला जागा मिळाली आणि जूनमध्ये ती लातूरच्या एस.टी.त बसली. निरोप द्यायला अप्पा होते. मी काहीतरी निमित्त काढून गेलो नाही. तिच्या घरच्यांसमोर उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं.

अप्पांना कागद आला: यांच्याकडे परीक्षेचं कोणतंही काम यापुढे सोपवू नये. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांच्या वर्गाच्या चाचण्या माझ्याकडे आल्या. मी एकदा त्यांच्यासारखे वेगवेगळे पेपर काढायला बसलो. सहा झाले आणि सातव्याला अडलो, कारण सातव्या पोराच्या घरी कोण कोण आहे हे मला माहीत नव्हतं. मग पुन्हा फळ्यावर एकच पेपर आणि पुन्हा माझा पहारा. अप्पा मात्र रविवारी पिशवी घेऊन हिंडतच राहिले. लोक विचारत, "आता पेपर न्हाई काढायचा, मग कशाला पायपीट?" ते म्हणत, "शेळीचं काय झालं ते तर कळू द्या की."

मी पुढे बदली घेऊन नांदेडला आलो. अप्पा गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, तेही एका लग्नात, पंगतीत. मी ताटावरून उठलो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या कडक शिस्तीचं कौतुक केलं. त्यानंतर महिनाभरानं दारात एक बाई उभी राहिली. केस पिकायला लागलेले, हातात लेकीच्या लग्नाची पत्रिका. मुखेडकडच्या एका शाळेत ती आता मुख्याध्यापिका आहे. "वळखलं न्हाई का सर? मी सुमन."

बायकोनं तिला पाणी आणून दिलं. तिनं पेला एका दमात संपवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आई अजून आहे, हिंडतीफिरती आहे, असं तिनं सांगितलं. आणि मग माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. म्हणालो, सुमन, त्या दिवशी अप्पांची काही चूक नव्हती. वर्गात मी असायला हवं होतं. मी वर्ग सोडून टँकरवर गेलो होतो. अप्पांनी तुझ्यासाठी खोटी सही केली आणि तिच्याआड मी लपलो.

ती शांतपणे म्हणाली, "माहीत हाय सर. रांगेत आई होती. तुमचा नंबर लई मागं होता. तुम्हाला परीक्षेला माघारी जायचं म्हणून आईनं तिचा नंबर तुम्हाला दिला."

मला आठवलं, कुणीतरी बाईनं मला हातानं पुढे ढकललं होतं. मी तोंडही बघितलं नव्हतं.

"मग तिला मिळालं का पाणी?"

"न्हाई. तिचा नंबर येस्तोवर टँकर सरला." तिनं पेला खाली ठेवला. "अप्पा रविवारी घरी आले, तवा आई त्यांना हे सांगत होती. अप्पा म्हणले, सरांना कधी कळू देऊ नका. नवीन माणूस हाय, जीव लावून शिकवतंय. अजून लई वर्षं वर्गात उभं राहायचंय त्याला."

सुमननं पत्रिका माझ्या हातात दिली आणि उठता उठता म्हणाली, "आता तुम्ही रिटायर झालात, म्हणून सांगितलं."